ऑपरेशन एका दिवसाचे, सेवा वर्षाची

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, बाई शुद्धीवर आली आणि डॉक्टरांनी "सगळे व्यवस्थित झाले" असे सांगितले की घरातली माणसे मोकळी होतात. पाहुणे सफरचंदे घेऊन येतात, दोन शब्द बोलून जातात. टाके निघतात. महिनाभरात घर पूर्वीच्या वळणावर येते. पहाटे पाण्याला उठणारी तीच, डबे करणारी तीच, सर्वांच्या नंतर जेवणारीही तीच. मग पुढच्या उपचाराची तारीख आली की कोणीतरी म्हणते, "गाठ तर काढली ना? आता कशाला परळच्या खेपा?"

भगिनींनो, घात होतो तो इथे. ऑपरेशनने दिसणारी गाठ जाते. पण डोळ्यांना न दिसणारे कण शरीरात कुठे उरले असतील तर त्यांच्यासाठी केमोचे डोस असतात. काहींना ते ऑपरेशनच्या आधीच देतात, काहींना नंतर, बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. त्यानंतर अनेकींना रेडिएशन लागते. आपल्या बायका त्याला ‘शेक’ म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे. आणि काढलेल्या गाठीचा रिपोर्ट तसा असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी रोजची गोळी पाच वर्षे, कधी दहा वर्षेही घ्यावी लागते. यातले काय आणि किती, हे डॉक्टर रिपोर्ट पाहून ठरवतात. शेजारणीला चार डोस दिले म्हणून आपल्यालाही चारच, असा हिशेब इथे चालत नाही. ऑपरेशन एका दिवसाचे असते. पुढचे वर्ष घराचे असते.

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या निमित्ताने हे सारे आम्ही जवळून पाहिले. त्या राहायला उल्हासनगरला, आम्ही अंबरनाथला आणि नणंद बदलापूरला. एकाच लोकलच्या तीन स्टेशनांवर पसरलेले घर. जाऊबाई घरी बसून जीन्सचे धागे कापण्याचे काम करीत. ऑपरेशन उजव्या बाजूचे झाले, म्हणजे ज्या हातावर पोट, त्याच हाताकडचे.

पहिले काही दिवस जखमेपाशी बसवलेली नळी आणि तिला जोडलेली बाटली सांभाळावी लागते. जखमेतले पाणी त्यात उतरते. रोज ठराविक वेळी ते मोजायचे, लिहून ठेवायचे, हात स्वच्छ धुऊन बाटली रिकामी करायची. पाणी पुरेसे कमी झाले की डॉक्टर नळी काढतात. जाऊबाईंचा मुलगा दहावीला होता. कालनिर्णयच्या चौकोनात तो रोजचा आकडा लिही. हॉस्पिटलात कागद मागितला तेव्हा त्याने ते पानच फाडून पुढे केले. डॉक्टरांना हवे ते सगळे त्यात होते.

खरी लढाई हाताची. काखेतल्या गाठी काढलेल्या असतात, त्यामुळे हात वर करताना ओढ बसते, दुखते. बाई घाबरून हात छातीशी धरून ठेवते आणि घरातलेही मायेने म्हणतात, "राहू दे, हलवू नकोस." ही माया महागात पडते, कारण खांदा आखडून बसतो. हॉस्पिटलात व्यायाम शिकवतात. आधी मूठ उघड-मीट, कोपर वाकवणे, मग स्वतःचे केस विंचरणे, मग भिंतीकडे तोंड करून बोटांनी मुंगीसारखे वर चढत जाणे. कोणता व्यायाम कोणत्या दिवसापासून हे डॉक्टर सांगतील तसेच. पण एकदा सांगितले की चुकवायचे नाही, दिवसातून दोन-तीन वेळा, थोडे दुखले तरी. आमच्या पुतण्याने भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. बोटे जिथवर पोचली तिथे रेघ आणि तारीख. पहिली रेघ खांद्याच्याही खाली होती. आठवडाभर ती हलली नाही, तेव्हा जाऊबाई रडल्या. नंतर ती बोटाबोटाने सरकू लागली. त्या भिंतीवर वर बाबासाहेबांचा फोटो आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्या फोटोला हार जाऊबाईंनी स्वतः घातला, डाव्या हाताचा आधार घेऊन का होईना.

हात पुढेही जपावा लागतो. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येण्याची भीती असते, कधी ती वर्षांनंतरही येते. म्हणून त्या हातावर शक्यतो सुई टोचून घेऊ नये, घट्ट बांगड्या घालू नयेत. विळीवर कापताना, तव्यावरची भाकरी उलटताना कापले-भाजले तर लगेच धुऊन औषध लावावे. बांगडी अचानक घट्ट वाटू लागली, हात जड झाला, लाल-गरम झाला, तर घरगुती लेप लावत न बसता डॉक्टरांना दाखवावे. आणि हंडा. आपल्याकडे नळाला पाणी येते ते आपल्या सोयीने येत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. निदान पहिले काही महिने तरी हंडा-कळशी तिच्या हाताला लावू देऊ नये. आमचे मोठे दीर एमआयडीसीत पाळीने काम करतात. पहाटे पाणी भरायला ते नळावर उभे राहू लागले तेव्हा चाळीतले दोघे-चौघे हसले. दीर म्हणाले, "हसा. तुमच्यावर वेळ आली तर मी शिकवायला येईन."

ताट वेगळे करणारी कोण?

हॉस्पिटलातून आल्यावर चार-पाच दिवसांनी सासूबाईंच्या लक्षात आले की जाऊबाईंनी आपले ताट, वाटी आणि पेला मोरीच्या कडेला वेगळा ठेवला आहे. कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या त्यांनीच ठेवला होता. विचारले तर म्हणाल्या, "लेकरांना काही लागायला नको, आई."

सासूबाईंचे वय ऐंशीच्या घरात. गावी विहिरीवर दूर उभे राहून ओंजळीत वरून ओतलेले पाणी त्यांनी प्यालेले आहे. त्या काही बोलल्या नाहीत. जाऊबाईंचे तेच ताट उचलून आणले, त्यात भात-आमटी वाढून घेतली आणि त्यांच्यासमोर बसून जेवल्या. मग म्हणाल्या, "गावात लोकांनी आपलं भांडं वेगळं ठेवलं, ते सोसलं. माझ्या घरात हे चालायचं नाही."

कॅन्सर संसर्गाचा रोग नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, जखमेवरची पट्टी बदलल्याने तो कोणाला होत नाही. मुलांनी आईच्या कुशीत झोपावे, नवऱ्याने जवळ बसावे. पाजणाऱ्या आईकडून बाळालाही तो लागत नाही. (उपचार चालू असताना पाजायचे की नाही, हा औषधांचा प्रश्न आहे, तो डॉक्टरांना विचारावा.) तरीही सुशिक्षित घरांतसुद्धा अशा बाईचा टॉवेल वेगळा होतो, तिच्या हातचा चहा नाकारला जातो, लग्नाच्या हळदीला तिला पुढे बोलावत नाहीत. इतरांचे इतरांपाशी. पण ज्या समाजाने वेगळ्या पेल्याचा अपमान पिढ्यान् पिढ्या गिळला, त्याच्या घरात आजारी बाईचा पेला वेगळा व्हावा, याची लाज वाटायला हवी.

श्रद्धा म्हणजे अंगारा नव्हे

आजार कळल्यावर सल्लागारांची रीघ लागते. एका नातेवाइकाने कुठल्याशा बाबाचा अंगारा आणला. दुसऱ्याने जडीबुटीचा पत्ता दिला आणि वर बजावले, "डोस बंद केल्याशिवाय गुण येणार नाही." बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणणारी माणसे मरणाच्या भीतीने कशी डळमळतात हे अशा वेळी दिसते. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, भीती ही फार मोठी असते. पण डोस बंद करायला सांगणाऱ्याला घराचा उंबरठा ओलांडू देऊ नये. यात मला भिडस्तपणा मान्य नाही.

परमपूज्य बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने त्यांना अखेरची वर्षे फार छळले. मुंबईत गिरगावच्या डॉ. मालवणकरांकडे ते उपचार घेत. तिथेच डॉ. शारदा कबीर काम करीत होत्या आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्या सविता आंबेडकर झाल्या. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी आजारपणाशी झगडत लिहिला. १९५६ साली त्यासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपली विझत चाललेली ज्योत पुन्हा पेटवल्याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले आहे. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. माईसाहेबांविषयी आपल्या समाजात पुष्कळ उलटसुलट बोलले गेले, त्या वादात इथे शिरायचे नाही. मला एवढेच दिसते की, धम्माचा ग्रंथ लिहिणारा हा महापुरुष जगल्याचे श्रेय कोणत्याही चमत्काराला देत नाही. वैद्यकाला देतो आणि सेवा करणाऱ्या माणसांना देतो.

तथागतांची गोष्ट तर विनयपिटकात आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना एकत्र करून विचारले की, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असे त्यांनी सांगितले. या गोष्टीत तो भिक्खू बरा झाला की नाही, हे कुठे येत नाही. त्याला धुतले, हे मात्र येते.

आमच्याकडे ऑपरेशन आषाढाच्या तोंडावर झाले आणि केमो चालू झाली ती वर्षावासात. दरवर्षी जाऊबाई रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जात. त्या वर्षी गर्दीत जाऊ नका असे डॉक्टरांनी बजावले होते. मग विहारातल्या दोघी-तिघी त्यांच्या घरी येऊ लागल्या. सर्दी-खोकला असलेली दारातूनच परत जाई. त्रिसरण-पंचशील घ्यायचे, चार पाने वाचायची, कोरा चहा घ्यायचा आणि उठायचे. डोस झाल्यानंतरचे चार दिवस जाऊबाईंना बसवत नसे, तेव्हा त्या पडून ऐकत. मी एकदा विचारले, "वाचनाने दुखणं कमी होतं का हो, ताई?" म्हणाल्या, "दुखणं तेवढंच राहतं गं. पण तेवढा वेळ मी आजारी बाई नसते, ऐकणारी बाई असते."

रेडिएशनच्या खोलीत बाईला एकटीला ठेवून दार लावतात. यंत्र चालू असते तेव्हा हलायचे नसते. काही मिनिटांचेच काम, पण पहिल्या दिवशी छाती धडधडते. तिथे श्वासावर लक्ष ठेवून पडून राहणे, येणारा श्वास आणि जाणारा श्वास, याचा त्यांना फार उपयोग झाला. शेक दिलेल्या जागी साबण, तेल, पावडर काहीही विचारल्याशिवाय लावू नये, सैल सुती कपडा वापरावा.

आरसा

एक गोष्ट आपल्या घरांत बोलली जात नाही. छातीची एक बाजू सपाट झाली की बाईला आरसा नकोसा होतो. पदर कसा घ्यावा, ब्लाऊज कसे शिवावे, नवऱ्यासमोर कपडे कसे बदलावे, यातला प्रत्येक प्रश्न तिला जखमेइतकाच टोचतो. त्यात केमोने केस जातात, बहुधा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत. डोस संपल्यावर ते परत येतात, पण उशीवर झुबका दिसतो त्या सकाळी हे पटत नाही. जखम भरल्यावर ब्लाऊजमध्ये कापसाची मऊ गादी शिवून घेता येते, आणि तयार कृत्रिम स्तनही मिळतात. हॉस्पिटलात विचारायला लाजू नये.

आमच्या दिरांना पहिल्यांदा जखमेकडे पाहवले नव्हते. त्यांनी मान फिरवली आणि ते जाऊबाईंनी पाहिले. दोन दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दीर म्हणाले, "आजची पट्टी मी बदलतो, शिकव मला." बाईला नवऱ्याने हजार शब्दांनी धीर देण्याची गरज नसते. तो पाहतो आणि मान फिरवत नाही, एवढे तिला पुरते.

खर्च आणि खेपा

परळचे टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. पुढे ते केंद्र सरकारकडे गेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. तिथल्या गर्दीला घाबरून परत फिरू नये. पैशाची अडचण असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात मोकळेपणाने सांगावे. राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना (आधीची राजीव गांधी जीवनदायी) रेशन कार्डावर मिळते. तिच्यात कॅन्सरचे उपचार आहेत आणि २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, उपचार सुरू होण्याआधीच त्याला गाठावे. रेशन कार्डावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे, यात फार दिवस जातात. कंपनीत ईएसआय कापला जात असेल तर त्या कार्डावरही कुटुंबाचे उपचार होतात.

दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. विदर्भातून, बिहार-बंगालमधून आलेले टाटाचे रुग्ण तिथे राहतात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला पंढरपूरची आपली धर्मशाळा देणारे हेच गाडगेबाबा. गावापासून हजार मैलांवर येऊन राहणारी ती माणसे पाहिली की, रात्री आपल्या घरी परतता येते हेही थोडे नाही, असे वाटते. अर्थात आपली लोकल म्हणजे काय, ते सांगायला नको. कॅन्सरच्या रुग्णाला अपंगांच्या डब्यातून प्रवास करता येतो, हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवावेत. आमची नणंद मात्र बदलापुरात लोकल लागली की लेडीज डब्यात चढून खिडकीची जागा धरी. अंबरनाथला मी चढे. उल्हासनगरला जाऊबाई चढल्या की नणंद उठून उभी राही, ती थेट दादरपर्यंत. केमोच्या दिवशी आम्ही दोघी, शेकाच्या दिवशी आळीपाळीने एकजण. तीन घरांतले डबे त्या दिवसांत पुरुषांनी केले. भात कधी लागला, कधी कच्चा राहिला. कोणी उपाशी राहिले नाही.

एक इशारा देते, तो दाराला चिकटवून ठेवावा. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की सकाळची वाट पाहू नये. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि साधा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. घरात थर्मामीटर हवाच. हॉस्पिटलने दिलेल्या फोनवर विचारावे. रात्री परळ गाठणे शक्य नसेल तर उल्हासनगर कॅम्प ३ च्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात केमोचा कागद घेऊन जावे आणि आत शिरताच "हिची केमो चालू आहे" हे आधी सांगावे. क्रोसिन देऊन झोपवू नये.

रोजची गोळी सुरू झाली की वेगळाच त्रास होतो. अंगातून वाफा निघतात, सांधे दुखतात, आणि बरे वाटत असताना गोळी कशाला, असे मनात येते. विचारल्याशिवाय ती बंद करू नये. तपासणीच्या तारखाही चुकवू नयेत, आणि दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यावी.

जाऊबाईंना गाठ लागली होती ती अंघोळ करताना. दुखत नव्हती म्हणून चार महिने त्यांनी कोणाला सांगितले नाही. मुलाची दहावी, नणंदेचे बाळंतपण, कारण काहीही पुरते. टाटा हॉस्पिटलने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी स्त्रियांची छाती दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांमध्ये रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, सुई नाही. शिकलेला हात आणि लाज बाजूला ठेवणारी बाई, एवढेच.

नणंदेने बदलापूरच्या आपल्या महिला मंडळात हा विषय काढला आहे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर जाऊबाई अर्धा तास बोलणार आहेत, गाठ कशी लागली इथपासून. त्यांनी एकच अट घातली आहे. त्या दिवशी पुरुषांनीही उठून जायचे नाही.